पडदामाप

सिनेमाला जाऊन सिनेमा सोडून बाकी सगळं बघून येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सिनेमाला जाऊन फक्त पडदा बघणारा, तोही इंचाइंचानं मोजून तृप्त चेहऱ्यानं घरी येणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो आमच्या मावशीच्या वाट्याला आला होता. मावसाजी अमरावतीला एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम करीत. दिवसभर रेघा ओढून माणूस कंटाळेल, घरी येऊन आडवा होईल, अशी कुणाचीही कल्पना होईल. मावसाजी घरी येऊन हातपाय धुवायच्या आत काही ना काही मोजायला घेत. मी तिवशाजवळच्या खेड्यातली. आमच्या गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून पाचवीपासून मी मावशीकडे राहिले ते थेट ट्रेनिंग कॉलेज संपून शिक्षिका होईपर्यंत. मावशीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे घरात मोजून घ्यायला माणसं दोनच, मावशी आणि मी, आणि मावशीनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्या कामाला साफ नकार देऊन टाकला होता.

त्यांच्या साऱ्या मोजमापाचा राजा म्हणजे पडदामाप. हे नाव त्यांनीच ठेवलेलं आणि वस्तूही त्यांनीच बनवलेली. दवाखान्यातून मागून आणलेली एक्स-रेची जुनी फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन त्यांनी आरपार दिसेल अशी करून घेतली होती. तिची वीतभर लांबीची पट्टी कापून तिच्यावर सुईनं बारीक रेघा ओढलेल्या, रेघांत काळी शाई भरलेली. पट्टीच्या मधोमध एक भोक, भोकात ओवलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ. गाठ दातांत धरायची, दोरा ताणला जाईपर्यंत हात पुढं न्यायचा, एक डोळा मिटायचा आणि पट्टीतून पडद्याकडे बघायचं. दोऱ्यामुळे पट्टी डोळ्यापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर राहायची. पडद्याची उंची मावसाजींनी एकदा फितीनं मोजून ठेवलेली असायची. मग पडदा किती रेघांचा आणि पडद्यावरचा माणूस किती रेघांचा, ह्याचं त्रैराशिक ते तिथंच अंधारात तोंडी मांडीत. अमरावतीची नि अकोल्याची झाडून सगळी टॉकीजं त्यांनी अशी मापात बसवली होती.

आता ह्याचा उपयोग काय, असं विचारणारी माणसं त्यांना मूर्ख वाटत. नायक नऊ फूट दोन इंच भरतो, नायिका आठ फूट भरते आणि बागेतलं गाणं लागलं की तीच बाई साडेसात फुटांवर येते, ही माहिती जगाला नको असेल असं त्यांच्या मनातच येत नसे. मागच्या बाकावरून कुणी ओरडलं, "ओ काका, हात खाली घ्या, का आमीच येऊन बसू तुमच्या डोक्यावर?" तर मावसाजी मागं न वळता, दातांतली गाठ न सोडता त्याला नायकाची उंची सांगून टाकीत. त्या माणसाला तेच हवं असणार अशी त्यांची खात्री! एकदा पडद्यावर नायकाची आई खाटेवर शेवटचे श्वास घेत होती. सगळं टॉकीज मुसमुसत होतं, मावशीचा पदर भिजला होता, मीही रडत होते. त्या शांततेत मावसाजी म्हणाले, "मघाच्या सीनपेक्षा खाट लांबली." मावशीनं त्यानंतर वर्षभर त्यांच्या शेजारी बसून सिनेमा पाहिला नाही.

टॉकीज नसेल तेव्हा पडदामाप आभाळाकडे वळे. कोजागिरीला आम्ही अंगणात दूध आटवत बसलो होतो आणि चंद्र वर येत होता, चांगला थाळीएवढा. मावशी म्हणाली, "केवढा मोठा निंगाला, बाप्पा!" झालं, मावसाजींनी दातांत गाठ धरली. चंद्र उगवताना मोजला, डोक्यावर आल्यावर पुन्हा मोजला आणि दोन्ही वेळा तेवढाच भरला म्हणून विजयी मुद्रेनं जाहीर केलं, की उगवता चंद्र मोठा असतो ही लोकांची फसवणूक आहे. मावशी म्हणाली, "मोठा दिसते तं दिसू द्या ना. तुमच्या बापाचं काय जाते?" दूध तोवर उतू गेलं होतं.

त्यांचा एक गुण मात्र मानला पाहिजे, किंवा दुर्गुण म्हणा. एकदा आकडा हाती आला, की चूक जगाची आहे असं धरून ते पुढं चालत. नांदगाव पेठेला मावशीच्या मैत्रिणीकडे गेलो होतो. परतीच्या मोटारीची वाट बघत रस्त्यावर उभे होतो. लांबून मोटार दिसली. मावसाजींनी पट्टीतून पाहिलं आणि सांगितलं, "मैलभर दूर हाय. चला, पाणी पिऊन येऊ." आम्ही विहिरीपाशी पोचेपर्यंत मोटार येऊन गेलीसुद्धा. नेहमीच्या मोटारीऐवजी त्या दिवशी लहानशी जुनी गाडी सोडली होती, ती जवळ असूनही दूर दिसली. मावशी तणतणत राहिली आणि मावसाजी घरापर्यंत एकच वाक्य म्हणत आले, "गाडी लहान होती, त्याले मी काय करू?"

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण ह्याच पट्टीनं एकदा माझं लग्न मोडायला आणलं होतं आणि तेव्हा मला जराही हसू आलं नव्हतं.

छप्पन्न साली आमच्या दोन्ही घरांनी धम्म घेतला. पत्रिका, गुण, मंगळ, जोशाला विचारणं, सगळं एकदम सुटलं. मावसाजी ह्या बाबतीत फार कडक. नात्यात कुणी चोरून मुहूर्त काढला असं कळलं, तर त्या लग्नाला जात नसत. पण लग्न म्हटलं की काहीतरी जुळवून बघायला हवं ही हाडीमासी भिनलेली सवय. ती कुठं जाणार? तिनं मावसाजींच्या घरात दुसरं दार शोधलं. मुलगा मुलीपेक्षा चार बोटं तरी उंच पाहिजे, असा नियम त्यांनी काढला आणि माझ्यासाठी आलेली स्थळं मापाला लावली. एक मुलगा दीड बोटानं कमी पडला. दुसरा उंचीला बसला, पण त्याचा डावा खांदा उतरता निघाला. तिसऱ्याला तर ते दाराच्या चौकटीत उभा करून बराच वेळ न्याहाळत राहिले आणि तो गेल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण चौकटीत बसत नाई." मावशी म्हणाली, "नक्षत्रं गेले अन् फूट-इंच आले. आमाले काय फरक पडला?"

मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा तारखात्यात, घरची शेती हिवरखेडला. हुंडा नको, आणि मुलीनं नोकरी सोडायची नाही असं मुलानं स्वतः कळवलेलं. मला नुकतीच प्राथमिक शाळेत जागा मिळाली होती आणि ती सोडायला सांगणाऱ्या घरात पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवून बसले होते. असं स्थळ पुन्हा येईल ह्याची मला आशा नव्हती. मुलाच्या मामांनी रीतीप्रमाणे सुचवलं, की आधी मुलाच्या नकळत त्याला पाहून घ्या, म्हणजे पुढं नाही म्हणायचं झालं तर कुणाचा अपमान नको. रविवारी तीनच्या खेळाला तो मामांबरोबर खाली पुढच्या बाकावर बसेल, मध्यंतरात मामा त्याला चहा आणायला पाठवतील, तो पडद्यासमोरून बाजूच्या दारानं बाहेर जाईल. तुम्ही वरून बघा.

बाबा, मावसाजी, मावशी आणि मी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. टॉकीजच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या भागात मी नि मावशी, कठड्यापलीकडे बाबा आणि मावसाजी. मध्यंतर झालं, दिवे लागले. पुढच्या बाकावर एक म्हातारा आपली चप्पल शोधत वाकला होता. त्याच्या शेजारचा तरुण चटकन दोन्ही हातांवर टेकला, बाकाखाली शिरला आणि चप्पल घेऊन बाहेर आला. ती त्यानं स्वतःच्या पँटला पुसली आणि म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली. मग उठून, गुडघे झटकून, पडद्यासमोरून दाराकडे चालू लागला. मामांनी वर पाहून मान हलवली. तोच मुलगा. माझं ठरलं. मी मावशीकडे पाहिलं, मावशीचंही ठरलेलं दिसत होतं. कठड्यापलीकडे मावसाजी दातांत दोरा धरून, एक डोळा मिटून बसले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी निकाल दिला. "चार फूट आठ इंच."

बाबांचा चेहरा उतरला. मी पाच फूट एक इंच. मावशी म्हणाली, "अजी, थो वाकेल होता तवा मोजला असन तुमी!"

"सरका ताठ उभा झाल्यावर मोजला. दोनदा मोजला."

"मले तं चांगला उंचपुरा दिसला," मी म्हणाले. लाज सोडून म्हणाले, कारण लाज धरून चालणार नव्हतं.

"वरून पाहिलं की असंच दिसते, पोरी. डोळा फसवते, पट्टी फसवत नाई." आणि मग गाडीत बसल्यावर त्यांनी आपला खरा शोध सांगितला. मुलगा एकटाच बुटका नव्हता. खात्री करायला म्हणून त्यांनी दारवान मोजला होता, चहावाला मोजला होता, प्रत्यक्ष मामांनाही मोजलं होतं, आणि त्यांतला एकही पाच फुटांचा भरला नव्हता. एखाद्याला इथं स्वतःच्या मापाची शंका आली असती. मावसाजींना अकोल्याची आली. "खारपाण पट्टा हाय हा," ते समोरच्या अनोळखी उतारूलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हिरीले खारं पाणी. लोकायची वाढ खुंटून राहिली. म्हणूनच मी अकोल्याहून बदली मागून घेतली होती." समोरचा उतारू अकोल्याचाच होता आणि चांगला सहा फुटांच्या घरात होता. तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

बाबा शेतकरी माणूस. आपला साडू कचेरीत मोजमापाचं काम करतो ह्याचा त्यांना मोठा अभिमान. "साडूबुवा म्हणतात तं पाहा लागन," एवढंच ते म्हणाले आणि तिवशाला निघून गेले. मामांना पुढच्या रविवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. बुधवारी मावसाजी जेवता जेवता म्हणाले, की अचलपूरकडे एक मुलगा आहे म्हणतात, एकदा पाहून यावं. माझं डोकं फिरलं.

"मावसाजी, मले दुसरा पोरगा पाहाचा नाई," मी म्हणाले. "तुमचं माप चुकलं."

मावशीच्या हातातली पळी थांबली. त्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"पट्टी चुकत नाई," ते म्हणाले.

"मंग पडदा चुकला असन!" हे मी नुसत्या संतापानं म्हटलं, त्यात विचार काही नव्हता. पण मावसाजींचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडे बघत बसले, मग भिंतीकडे बघत बसले, मग अर्ध्या जेवणावरून उठून त्यांनी खुंटीवरची मोजायची फीत काढून पिशवीत टाकली. सकाळी कचेरीत रजा सांगून ते अकोल्याला गेले.

पुढची हकीकत मला लग्नानंतर ह्यांनी सांगितली. दुपारी तार घ्यायच्या खिडकीशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हे आत खुर्चीवर. गृहस्थ म्हणाले, "जरा उठून उभे राहता का?" ह्यांना वाटलं, वयामुळे दिसत कमी असेल, म्हणून हे उठले. गृहस्थांची मान हळूहळू वर गेली आणि तिथंच राहिली. ते म्हणाले, "लय मोठी चूक होऊन राहिली."

"कोणाची?" ह्यांनी विचारलं.

"थेच तं पाहाचं हाय. तुमाले सुटी किती वाजता होते?"

दुसरा कुणी असता तर त्यानं शिपायाला हाक मारली असती. ह्यांनी साहेबाला विचारून अर्धा तास मागून घेतला आणि वाटेनं काही न विचारता ह्या अनोळखी माणसामागून टॉकीजपर्यंत गेले. टॉकीजच्या मॅनेजरनं पडदा मोजू द्यायला साफ नकार दिला. मावसाजी म्हणाले, "मी मोजल्याबिगर जात नाई," आणि तिकिटाच्या खिडकीसमोर पायरीवर बसले. खेळाला यायला लागलेली माणसं त्यांना ओलांडून जाऊ लागली. शेवटी मॅनेजरच कंटाळून म्हणाला, मोजा आणि जा. शिडी आणली. वरचं टोक धरायला हे चढले, खालचं टोक मावसाजींनी धरलं, आणि फीत ताणली. पूर्वी दहा फूट भरलेला पडदा आता बारा फूट भरला.

"वर्ष होऊन गेलं मोठा पडदा लावून," मॅनेजर म्हणाला. "बाहेर केवढा बोर्ड लावला होता."

मावसाजी खवळले. "मोजेल पडदा तुमी असा परस्पर बदलवता? मले कळवलं होतं काय?"

मॅनेजरनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी, सांगायला मला अजून अभिमान वाटतो, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "कळवाले पाहिजे होतं." मग शिडीवरून उतरता उतरता मावसाजींना विचारलं, "दहाच्या जागी बारा धरले तं आता काय येते?" मावसाजींनी तिथंच डोळे मिटून आकडेमोड केली. पाच फूट सात इंच. "बरोबर," हे म्हणाले. "पण हे मोजलं कायले, तेवढं सांगाल काय?" तेव्हा कुठं, चहाच्या टपरीवर बसून, मावसाजींनी आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगितलं. ह्यांचा चहा निवून गेला, इतके ते हसले.

संध्याकाळी मावसाजी दारात आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "चूक टॉकीजची हाय." त्यापलीकडे त्यांनी कधी काही कबूल केलं नाही. शनिवारी मामांना होकार कळवला गेला.

लग्नाआधी आम्ही दोघी गहू निवडत बसलो होतो. मी त्या दिवसांत आनंदात होते, त्यामुळे मावसाजींची नक्कल करून मावशीला हसवत होते. दातांत दोरा, एक डोळा बंद, आणि समोर बुटकं अकोला. मावशी हसता हसता थांबली. "तू काय समजली, पडद्यानं झालं हे सारं?" ती म्हणाली. "अवं, पडदा जुनाच असता तरी त्यायले काहीतरी सापडलंच असतं. अमरावतीत तीन पोट्टे पाहिले, तिघायत खोट निंगाली. थो पोट्टा सात फुटाचा असता तं म्हणले असते, लय उंच हाय, दाराले डोक्शे लागन. तू गेल्यावर अठी उरतो कोण? मी अन् थे." आणि ती पुन्हा खाली मान घालून गहू निवडू लागली. इतकी वर्षं मी त्या माणसाला खुळा समजत होते, नि लाडानंच समजत होते, पण त्या खुळापाठीमागं मी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि पुष्कळ रडले.

लग्न साधंच झालं. अंगणात मांडव, पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, आणि पंगत. दुसऱ्या दिवशी मंडळी आम्हाला पोचवायला बडनेऱ्याला आली. आई-बाबा रडले, मावशी रडली. मावसाजी सामानाच्या पेट्या डब्यात नीट बसतात की नाही ते बघत होते, हमालाला सूचना देत होते, माझ्याकडे बघतच नव्हते. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. गाडीनं शिटी दिली. तेव्हा ते खिडकीशी आले आणि मला नाही, ह्यांना म्हणाले, अगदी खालच्या आवाजात, "हिले भूक लागली तं सांगत नाई थे. नुसती तोंड बारीक करून बसते. तुमीच पाहजा."

गाडी हलली. मी खिडकीच्या गजांना धरून बसले. खेड्यातून पहिल्यांदा त्यांच्या घरी आले तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. परक्या घरात मागून खायची लाज वाटायची, म्हणून भूक लागली तरी गप्प बसायची, आणि ती सवय पुढंही गेली नाही. हे मी मावशीलाही कधी सांगितलं नव्हतं. पण आता आठवतं, की मी अशी बसले की मावसाजी कचेरीतून येताच मावशीला म्हणत, "मले भूक लागली, ताटं कर." आणि मग दोन घास खाऊन उठून जात.

ह्यांनी त्या दिवशी खिडकीतून मान हलवून जो शब्द दिला, तो आजवर पाळला. शाळेतून यायला उशीर झाला, की हे काही न विचारता आधी माझं ताट वाढायचे. आता माझी नोकरी संपली, मावसाजी जाऊन बरीच वर्षं झाली, मावशीही गेली. तरी कधी मी गप्प बसलेली दिसले, की हे स्वयंपाकघरात जातात आणि भांड्यांचा आवाज येतो. त्या पहिल्या घासाला मला मावसाजींची फार आठवण येते.